पत्र आता कोणाच्या हाती? : मेल सर्व्हरांच्या संभाषणाची कथा

१/
जुन्या मराठी पत्रांच्या आरंभी एक ठरीव वाक्य हटकून भेटते: आपण पाठविलेले पत्र पावले, मजकूर कळला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र हाती येणे ही एक आणि त्यातले समजणे ही दुसरी. पहिलीची कबुली म्हणजे पोच. टपालाची कोणतीही व्यवस्था घ्या, पायी धावणाऱ्या जासुदाची असो की आजच्या मेल सर्व्हरची, ती अखेर एकाच प्रश्नाचे उत्तर देत असते: या घटकेला पत्र कोणाच्या हाती आहे, आणि ते हरवले तर जाब कोणाला विचारायचा? हा धागा त्या प्रश्नाच्या प्रवासाचा. #धागा #इतिहास #टपाल

२/
आरंभ माधवनगरापासून करणे सोयीचे. सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की आधी माधवनगर आणि मग बुधगाव लागते. बुधगाव ही मिरज संस्थानाच्या धाकट्या पातीची राजधानी; मिरज थोरल्या पातीची; सांगली पटवर्धनांच्या आणखी एका शाखेची. एवढ्याशा टापूत तीन दरबार नांदले, त्यामुळे इथल्या मातीत कागद फार. मिरजेच्या हायस्कुलात शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वाचून, लावून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला. पेशवाईच्या उत्तरार्धाचे ज्ञान आज जे आहे, त्यातले बरेचसे या पत्रांच्या जपणुकीवर उभे आहे.

३/
ही पत्रे वाहणारे जासूद पुष्कळदा जोडीने धाडले जात. वाटेत एकाला ताप आला, नदीला पूर आला, तरी दुसऱ्याने पुढे जावे. पाठविणारा पत्राची नक्कल दप्तरी ठेवी आणि पुढच्या पत्रात मागच्याची आठवण देई: अमुक तिथीस पत्र रवाना केले, उत्तर आले नाही. यातले तीन नियम पुढच्या प्रत्येक टपालाने उचलले. पोच येईपर्यंत नक्कल टाकू नये. उत्तर न आल्यास पुन्हा पाठवावे. रवाना केल्याची वेळ लिहून ठेवावी. मेल सर्व्हरची सारी विद्या या तीन नियमांचा विस्तार आहे.

४/
पुढे सरकारी टपाल आले आणि पत्त्याला शिस्त लागली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी. माधवनगरचा पिन ४१६४०६. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाचे टपाल कार्यालय. गुवाहाटीत पत्र टाकणाऱ्याला माधवनगर कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज उरली नाही. वाट शोधण्याचे ओझे लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून उतरले. संगणकाच्या टपालाला हेच ओझे उतरवायला आणखी चौदा वर्षे लागली.

५/
संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र धाडण्याचा पहिला प्रयोग १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत केला. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्यांनी ‘ॲट’ हे चिन्ह ठेवले. ते आजतागायत तिथेच आहे. पण त्या काळी मोजकीच यंत्रे एकमेकांना ओळखत. बाकीच्यांसाठी ‘यूयूसीपी’ नावाची पद्धत होती: एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई, त्याच्याकडची घेई आणि फोन ठेवून देई. टपालाच्या धावत्या गाडीने स्टेशनावर थैल्यांची अदलाबदल करावी तसे.

६/
यूयूसीपीच्या पत्त्यात वाट स्वतःच लिहावी लागे. पहिले यंत्र, उद्गारचिन्ह, दुसरे यंत्र, उद्गारचिन्ह, तिसरे, आणि शेवटी माणूस. म्हणजे माधवनगरच्या माणसाला पत्र लिहिताना पाकिटावर ‘पुण्याला द्या, मग मिरजेला, मग सांगलीला, मग त्याला’ असे लिहिण्यासारखे. मधले एखादे यंत्र बंद पडले की पत्र तिथेच अडे आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. जाणकार मंडळी यंत्रांचे नकाशे जवळ बाळगीत आणि कोणती वाट सध्या चालू आहे ते पाहून पत्ता लिहीत.

७/
भारतातील या टपालाचा आरंभ मुंबईत झाला. १९८६ साली ‘अर्नेट’ हा शिक्षण-संशोधनाचा जालप्रकल्प उभा राहिला. त्याला सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पैसा होता. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूची ‘एनसीएसटी’ ही संस्था सहभागी होती. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी. १९८६-८७ च्या सुमारास जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये साध्या टेलिफोनवरून ई-मेल ये-जा करू लागली. जुहू ते पवई हे अंतर लोकल आणि बसने तासाभराचे. तरीही ती देशाच्या दृष्टीने मोठी मजल होती.

८/
त्या काळच्या टेलिफोनची आठवण असणाऱ्यांना यातली अडचण सांगावी लागणार नाही. तारेवर खरखर झाली की मोडेमचे शब्द तुटत आणि मधेच फोन कटे. पुढे संस्थांना जोडणाऱ्या भाड्याच्या तारा आल्या त्या सेकंदाला ९.६ किलोबिट वाहत. आजच्या मोबाइलमधले दोन मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या तारेवरून न्यायला जवळजवळ अर्धा तास लागला असता. अशा तारेवर पत्र अर्ध्यात तुटणे ही रोजची बाब. म्हणून ‘पत्र पूर्ण मिळाले’ असे पलीकडचे यंत्र स्पष्ट बोलेपर्यंत अलीकडच्याने आपली प्रत पुसायची नाही, हा जासुदांच्या काळचा नियम तिथे अक्षरशः पाळावा लागे.

९/
ते स्पष्ट बोलणे कसे असावे हे ऑगस्ट १९८२ मध्येच ठरले होते. जॉन पोस्टेल यांनी ‘आरएफसी ८२१’ या दस्तऐवजात दोन मेल सर्व्हरांचे संभाषण नेमून दिले. त्याचे नाव एसएमटीपी, दाराचा क्रमांक २५. गंमत अशी की हे संभाषण माणसालाही वाचता येते. दार उघडताच यजमान म्हणतो ‘२२०’, म्हणजे सज्ज आहे. पाहुणा ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगतो. यजमान ‘२५०’ म्हणतो, म्हणजे ठीक. मग पाहुणा पत्र कोणाकडून ते सांगतो; २५०. कोणासाठी ते सांगतो, २५०. मग म्हणतो, मजकूर देतो. यजमान म्हणतो ‘३५४’: येऊ द्या, आणि संपले की एका ओळीवर एकटे टिंब ठेवा.

१०/
या साऱ्या विधीत खरा क्षण त्या टिंबानंतरचा. पाहुण्याने टिंब ठेवले आहे आणि यजमानाने अजून उत्तर दिलेले नाही. तोवर पत्र पाहुण्याचे. यजमानाने ‘२५०’ म्हटले की पत्र त्याचे. नियम इथे कडक आहे: एकदा स्वीकार केल्यावर यजमानाने पत्र एक तर पोचवावे, नाही तर न पोचल्याचे पाठविणाऱ्याला कळवावे. यंत्र मध्येच बंद पडले ही सबब चालत नाही, म्हणून चांगला सर्व्हर पत्र तबकडीवर पक्के लिहून घेतो आणि मगच २५० उच्चारतो. ‘पत्र पावले’ हे वाक्य इथे तीन आकड्यांत मावले आहे.

११/
नकाराचेही दोन प्रकार. उत्तर चाराने सुरू झाले तर ‘आत्ता नको, नंतर या’: जागा भरली असेल, काम फार असेल. पाचाने सुरू झाले तर ‘येऊ नका’: त्या नावाचा माणूस इथे नाही, किंवा तुमचे पत्र घ्यायचे नाही. चाराला पाहुणा पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो, साधारण चार-पाच दिवस. पाचाला तो लगेच पाठविणाऱ्याकडे परततो. चार आणि पाच यांतला फरक न कळणारा व्यवस्थापक निम्मा वेळ नुसते चुकीच्या दारावर ठोठावत राहतो.

१२/
परतीच्या पत्राची मेख टपाल खात्याला आधीपासून माहीत होती. पाठविणाऱ्याचा पत्ता नसलेली आणि वाटप न झालेली पत्रे ‘आरएलओ’ म्हणजे परत पत्रांच्या कार्यालयात जात. तिथे पाकीट उघडून आत नावगाव सापडते का ते पाहत. मेलमध्ये तशी सोय नाही. न पोचल्याची खबरही कधी पोचत नाही. मग त्या खबरेची खबर, तिची आणखी खबर, अशी अंतहीन फेरी सुरू होईल. म्हणून न पोचल्याच्या पत्रावर पाठविणाऱ्याची जागा मुद्दाम कोरी ठेवतात. तेही न पोचले तर ते तिथेच संपते. शोकपत्राला उत्तर लिहू नये, अशातला हा प्रकार.

१३/
वाट शोधण्याचे ओझे उतरले ते १९८६ च्या जानेवारीत. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली नावांची सूची, म्हणजे डीएनएस, रचली होती. क्रेग पार्ट्रिज यांनी तिच्यात टपालासाठी वेगळी नोंद ठरविली. तिला ‘एमएक्स’ म्हणतात. या नावाची पत्रे कोणत्या यंत्राकडे द्यावीत, ते बंद असेल तर दुसरे कोणते, हे ती सांगते. उद्गारचिन्हांची माळ गेली आणि पिन कोडासारखी व्यवस्था आली. ८ मे १९८९ रोजी भारताचे ‘.इन’ हे नाव त्या सूचीत नोंदले गेले आणि त्याची देखभाल प्रथम जुहूच्या एनसीएसटीकडेच होती.

१४/
याच वेळी एक प्रतिस्पर्धीही मैदानात होता. जगभरच्या टेलिफोन खात्यांनी मिळून १९८४ साली ‘एक्स.४००’ नावाची भारदस्त पद्धत ठरविली. तिच्यात पोच, वाचल्याची पोच, महत्त्वाचा क्रम असे सारे काही आरंभापासून होते. पत्ता मात्र असा, की देश, प्रशासन, संस्था, विभाग, आडनाव, नाव हे सारे क्रमाने लिहायचे. पोस्टेल यांची साधी पद्धत तिच्यापुढे खेडवळ वाटे. तरी टिकली ती साधीच. तिच्यात बिघाड झाला तर कोणताही विद्यार्थी दारावर जाऊन स्वतः ‘हेलो’ म्हणू शके आणि यजमान काय उत्तर देतो ते ऐकू शके.

१५/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. आरंभी ते महानगरांत होते. जिल्ह्याच्या गावांना ते दार काही वर्षांनी उघडले. रात्री एसटीडीचा दर उतरला की पीसीओबाहेर रांगा लागत, त्या दिवसांत दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या नातलगाला फुकटात पत्र जाते ही गोष्ट खरी वाटत नसे. पुढे पेढ्या, कारखाने, महाविद्यालये यांनी स्वतःची नावे घेतली आणि अनेकांनी कोपऱ्यातल्या एका खोलीत स्वतःचा मेल सर्व्हर थाटला. खोलीत पंखा, एक बॅटरी-इन्व्हर्टर, आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी.

१६/
समजा, माधवनगरात हळदीच्या निर्यातीची अशीच एक पेढी आहे. माल जहाजावर चढला आहे आणि त्याची कागदपत्रे दुबईच्या खरेदीदाराला मेलने धाडायची आहेत. कागद वेळेवर न पोचल्यास माल बंदरात अडतो आणि दिवसाचे भाडे चढू लागते. पेढीचे मालक विचारतात, “पत्र गेलं का रे?” सर्व्हर सांभाळणारा मुलगा सांगतो, “गेलं, काका. आपल्याकडून गेलं.” ‘आपल्याकडून गेलं’ या दोन शब्दांत मेलच्या सगळ्या बिघाडांचे मूळ आहे. गेले म्हणजे रांगेत गेले, की दारापर्यंत गेले, की पलीकडच्याने २५० म्हटले?

१७/
उत्तर नोंदवहीत असते. तिला लॉग म्हणतात आणि ती वाचणे हे या विद्येतले पहिले कसब. तिथे ‘वेळ संपली’ असे असेल तर संभाषण सुरूच झाले नाही: एमएक्सची नोंद चुकली असेल, किंवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीने पंचविसावे दार बंद ठेवले असेल. ‘४५०’ असेल तर पलीकडच्याने अनोळखी पाहुण्याला मुद्दाम थोड्या वेळाने यायला सांगितले असेल. खरा सर्व्हर परत येतो, घाईत हजारो पत्रे फेकणारा येत नाही. ‘५५०’ असेल तर पुढचे वाक्य अक्षरशः वाचावे. नकार देणारा बहुधा कारणही सांगतो. ते कारण न वाचताच यंत्र बंद-चालू करणे ही या धंद्यातली सर्वांत महाग सवय.

१८/
पलीकडच्याने २५० म्हटले आणि तरी पत्र दिसत नसेल, तर शोध पत्राच्या मस्तकावर. प्रत्येक सर्व्हर पत्र हाती घेताना वरच्या बाजूला एक ओळ चिकटवतो: कोणाकडून घेतले, कोणत्या वेळी. टपालाच्या शिक्क्यांसारखेच हे. फक्त वाचायचे खालून वर. भारतीय यंत्राच्या वेळेपुढे ‘+०५३०’ असते, दुबईच्या यंत्रापुढे बहुधा ‘+०४००’. हे न ध्यानात घेणाऱ्याला पत्र निघण्याआधीच दीड तास पोचल्यासारखे दिसते. दोन ओळींमध्ये चार तासांचे अंतर सापडले की पत्र कोणाच्या हाती अडले होते ते कळते. मग फोन योग्य माणसाला लावता येतो.

१९/
कान देऊन ऐकण्याचे महत्त्व सांगणारी एक गोष्ट या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. ट्रे हॅरिस नावाच्या अमेरिकन व्यवस्थापकाने ती २००२ साली लिहिली. त्याच्या विद्यापीठातील संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी तक्रार केली की विभागाची ई-मेल ५०० मैलांपलीकडे जात नाही. कोणीही हसावे अशी तक्रार. पण विभागाने नकाशा काढून तपासले होते आणि हॅरिसने स्वतः पत्रे धाडून पाहिली, तर ते खरे निघाले. जवळच्या शहरांना पत्र जाई, दूरच्या शहरांना नाही.

२०/
कारण असे निघाले. कोणीतरी यंत्राची मूळ प्रणाली नवी केली, तेव्हा ‘सेंडमेल’ हा टपालाचा कार्यक्रम जुन्या आवृत्तीवर गेला. जुन्या आवृत्तीला नवीन मांडणीतल्या ओळी कळेनात. उत्तराची किती वेळ वाट पाहायची हा आकडा शून्य झाला. प्रत्यक्षात त्या यंत्रावर शून्य म्हणजे सुमारे तीन सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ९०० किलोमीटर जातो. त्याहून दूरच्या यंत्राचे उत्तर येण्याआधीच सर्व्हर फोन ठेवून देई. गणित ढोबळ आहे आणि गोष्ट रंजक करण्यासाठी तपशील बदलल्याचे हॅरिसने स्वतःच सांगितले आहे. पण मर्म खरे आहे.

२१/
हाच बिघाड माधवनगरच्या पेढीत झाला असता तर? पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, नागपूर ही सारी सरळ रेषेत ९०० किलोमीटरच्या आत. तिथे पत्रे सुरळीत गेली असती. दिल्ली, कोलकाता आणि दुबई मात्र गप्प. मालकांनी म्हटले असते, “दिल्लीवाल्यांचंच काहीतरी बिघडलंय,” आणि ते सर्वांना पटलेही असते. संख्याशास्त्र विभागाने केले ते वेगळे: तक्रार करण्याआधी त्याने कोणाला पोचले आणि कोणाला नाही याची यादी केली. बिघाड शोधण्याचे निम्मे काम त्या यादीने झाले.

२२/
मराठी माणसाच्या वाट्याला आणखी एक खास बिघाड आला. १९८२ चे टपाल फक्त इंग्रजी अक्षरांसाठी होते. प्रत्येक अक्षराला सात बिट. मराठी पत्र कशीतरी ठोकून बसवलेल्या फॉन्टात लिहिले जाई आणि पलीकडे तोच फॉन्ट नसेल तर चिन्हांचा उकिरडा दिसे. पत्र पावले, मजकूर कळला नाही! जून १९९२ मध्ये नेथनिअल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत मांडली. तिने कोणत्याही लिपीचा मजकूर इंग्रजी अक्षरांच्या वेष्टनात गुंडाळून जुन्याच दारातून नेण्याची सोय केली. दार तेच, टपाली तेच. आतला मजकूर देवनागरी.

२३/
युनिकोडच्या आजच्या प्रचलित रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘माधवनगर’मध्ये काना धरून सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट, वेष्टनात गुंडाळल्यावर अठ्ठावीस इंग्रजी अक्षरे. गणिताच्या योगायोगाने, वेष्टनात मराठी अक्षराने सुरू होणारा मजकूर बहुधा ‘चार, के, एस’ या तीन चिन्हांनीच सुरू होतो. ज्यांनी मराठी पत्रांचे बिघाड पाहिले आहेत त्यांना ही खूण ओळखीची असते. विषयाच्या ओळीत ती उघडी दिसली तर मजकूर शाबूत आहे, कोणीतरी वेष्टन काढायचे विसरला आहे, एवढेच समजावे.

२४/
सर्वांत अवघड बिघाड विश्वासाचा. आरंभीचे सर्व्हर कोणाचेही पत्र कोणाकडेही पोचवीत. वाटसरूचे पत्र पुढच्या गावी देणे हा शिष्टाचार होता. ३ मे १९७८ रोजी गॅरी थ्युर्क या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरात धाडली. पुढे असल्या पत्रांचा पूर आला आणि तो शिष्टाचारच गुन्हा ठरला. पाहुण्याने ‘हेलो’ म्हणून सांगितलेले नाव खरे की खोटे हे तपासण्याची सोय मूळ विधीत नव्हती. पेढीच्या नावाने परक्याने पत्र लिहून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळविले, तर खरेदीदाराने ओळखावे कसे?

२५/
जुन्या पत्राच्या शेवटी मोर्तब असे. तो लहान शिक्का सांगे की मजकूर इथे संपला. याखाली कोणी ओळ वाढविली तर ती आमची नव्हे. मेलला असे शिक्के फार उशिरा मिळाले. एसपीएफ सांगते की या नावाची पत्रे कोणत्या यंत्रांनी आणली तर खरी मानावीत. डीकेआयएम पत्रावर असा शिक्का मारते, की एक अक्षर बदलले तरी तो मोडतो. डीएमएआरसी सांगते की दोन्ही खुणा नापास झाल्या तर पत्राचे काय करावे. ही तिन्ही पद्धती २००६ ते २०१५ या काळात दस्तऐवजांत आल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या.

२६/
याने फसवणुकीला आळा बसला, पण मोलही द्यावे लागले. कोपऱ्यातल्या खोलीतला लहान सर्व्हर तिन्ही शिक्के मारूनही अनोळखी ठरतो. पलीकडचा मोठा यजमान त्याला २५० म्हणतो आणि पत्र न मागितलेल्या टपालाच्या कप्प्यात टाकतो, कधी तेवढेही करत नाही. नकार आला असता तर कारण वाचता आले असते. इथे पोच मिळते आणि पत्र पावत नाही. नोंदवही निर्मळ दिसते, आणि बंदरातले भाडे चढत राहते. १९८२ च्या विधीचा गाभा बदललेला नाही. २५० या शब्दामागची हमी तेवढी पातळ झाली आहे.

२७/
म्हणून सांगली-मिरजेच्याच काय, जगभरच्या लहान संस्थांनी आपले टपाल दोन-चार मोठ्या कंपन्यांच्या हाती सोपविले. तो निर्णय व्यवहाराला धरून आहे. रात्री दोन वाजता रांग तपासणारा माणूस प्रत्येक पेढीला परवडत नाही. मात्र त्याबरोबर नोंदवहीही पेढीतून गेली. पत्र कोणाच्या हाती आहे हे आता विचारावे लागते, पाहता येत नाही. ज्या टापूत पटवर्धनांच्या दप्तरांनी अडीचशे वर्षांची रवानगी आणि पोच जपली, तिथे एखाद्या पेढीला मागच्या महिन्याच्या पत्राचा माग काढायचा तर परक्याकडे अर्ज करावा लागतो.

२८/
टपाल खात्याने २०२५ साली नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टात विलीन केले, तेव्हा पुष्कळांना सही करून परत येणारे ते पोचपावतीचे कार्ड आठवले. ते कार्ड न्यायालयात चाले, कारण त्यावर घेणाऱ्याची सही असे. मेलच्या जगात त्याच्या सर्वांत जवळचे काही असेल तर नोंदवहीतली ती एक ओळ: तारीख, वेळ, पलीकडच्या यंत्राचे नाव आणि त्याने उच्चारलेले २५०, सोबत बहुधा त्याने पत्राला दिलेला रांगेतला क्रमांक. सेवा कोणाचीही असो, ही ओळ मागता येते. महत्त्वाचे पत्र असेल तर ती मागून जपून ठेवावी, आणि पलीकडच्या माणसाला एक फोन करून विचारावे: पत्र पावले का, मजकूर कळला का?

(धागा समाप्त)